अर्थ सुटलेली गाडी

मोटारगाडी हा काही माझ्या अभ्यासाचा विषय नव्हे. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. किर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद यांच्यापलीकडे माझी धाव नाही. घरी वाहन म्हणाल तर वडिलांची एक दुचाकी, आणि तिच्या पोटात काय असते हेही मी कधी वाकून पाहिलेले नाही. असे असूनही गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस मी एका मोटारीच्या डॅशबोर्डखाली डोके घालून बसले होते. तिथे जे शिकले ते वर्गात शिकलेल्यापेक्षा निराळे नव्हते, पण वर्गात ते इतके कळले नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे मामा सुरतेजवळ उधन्याला राहतात. 'सुरतेजवळ' हे आपले सवयीने म्हणायचे. उधना आता सुरत शहरातच मोडते. मुंबईकडून जाताना सुरत स्टेशनाच्या आधी उधना लागते, आणि इथूनच नंदुरबार, अमळनेर करीत जळगावकडे जाणारा तापी खोऱ्यातला रेल्वेचा फाटा फुटतो. या फाट्याने खानदेशातली कितीतरी कुटुंबे पोटापाण्यासाठी इकडे आली. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत हिंडताना मराठी आणि अहिराणी इतकी कानावर पडते की आपण गुजरातेत आहोत हे दुकानांच्या पाट्या वाचल्यावरच ध्यानात येते. महापालिकेच्या मराठी शाळा आहेत. एका गल्लीत ओडिया बोलणारे, पलीकडच्या गल्लीत तेलुगू बोलणारे. या सगळ्यांना एका जागी आणून बसवणारी वस्तू एकच, यंत्रमाग.

माझे आजोळ बेळगावच्या वडगाव भागात, विणकरांच्या वस्तीत. तिथे घरात मराठी आणि कट्ट्यावर कन्नड. मामा तरुणपणी इचलकरंजीला मागाचे फिटरकाम शिकले आणि तीस वर्षांपूर्वी उधन्याला गेले. तिथेच खानदेशातली मामी मिळाली, तिथेच घर झाले. सगळे त्यांना 'मास्तर' म्हणतात.

मागाच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा शिरले तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. धोटा मिनिटाला शे-सव्वाशे वेळा इकडून तिकडे आपटतो, आणि तिथे असे कितीतरी धोटे एकाच वेळी आपटत होते. मामा माझ्याशी बोलत होते. ओठ हलताना दिसत होते, शब्द येत नव्हता. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या कामासाठी ९० डेसिबेल ही आवाजाची मर्यादा धरलेली आहे. धोट्याच्या मागांची शेड ती सहज ओलांडते, आणि इकडची पाळी बहुधा आठ नव्हे, बारा तासांची असते. अशा गोंगाटात माणूस एकदम बहिरा होत नाही. आधी बारीक आवाज जातात. पाखरांचे, शिट्टीचे, हळू बोलणाऱ्या माणसाचे. मामांचे कान असेच हप्त्याहप्त्याने गेले. हप्ते कधी सुरू झाले ते त्यांनाही आठवत नाही.

चार वर्षांपूर्वी त्यांनी मागाचे काम सोडले आणि कर्ज काढून एक जुनी सात आसनी गाडी घेतली. लग्नाचे वऱ्हाड, देवदर्शन, गावाकडच्या फेऱ्या अशी भाडी ते करतात. सवारीशी बोलायचे काम मामेभाऊ करतो. तो अठरा वर्षांचा आहे, कॉलेज सांभाळून वडिलांबरोबर जातो. गाडी चालवतात मामाच.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. इतर ड्रायव्हर गाडी निम्मी कानाने चालवतात. इंजिनाचा सूर चढला की गिअर बदलतात, घरघर वाढली की थांबतात. मामांना तो सूर ऐकू येत नाही. ते गाडी डोळ्यांनी चालवतात. समोरच्या मीटरमधला फेऱ्यांचा काटा पाहून गिअर टाकतात, तापमानाचा काटा पाहून घाटात विसावा घेतात. मीटर म्हणजे त्यांचा कानच होय. हे त्यांनी मला कधी सांगितले नव्हते. मीटर मेले तेव्हा मला ते दिसले.

मी उधन्याला उतरले त्याच संध्याकाळी ते मेले. मामा आणि मामेभाऊ स्टेशनवर घ्यायला आले होते. अर्ध्या वाटेत गती, फेऱ्या, इंधन, तापमान हे चारही काटे एकाएकी डावीकडे आडवे झाले. किलोमीटरचा आकडा विझला. इंजिन मात्र खुशाल चालू होते. मला वाटले, चालतेय ना, मग काय बिघडले? पण मामांनी गाडी कडेला घेतली, आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते नुसते समोर बघत राहिले. शेवटी गाडी घरापर्यंत मामेभावाने आणली. मामा त्याच्या शेजारी बसले, आणि वाटेत दोघांत एक शब्द झाला नाही.

न बोलण्याचे कारण मामीने रात्री सांगितले. तीन आठवड्यांपूर्वी मामेभावाने साठवलेल्या पैशांतून गाडीत गाण्याचा स्टिरिओ बसवला होता, आणि तोही स्वतःच्या हाताने. मामांना ते आवडले नव्हते. ज्या गाडीत बापाला गाणे ऐकू यायचे नाही त्या गाडीत गाणे कशाला, असे काही ते म्हणाले नसावेत. पण मुलाने ते तसेच घेतले असावे. आता मीटर गेल्यावर मामा एवढेच म्हणाले, "वायरींना हात लावू नको म्हटलं होतं." मुलगा म्हणाला, "मी मीटरच्या वायरीला हातच लावला नाही." दोघेही आपापल्या जागी गप्प झाले.

अडचण वेळेची होती. दिवाळीत उधन्याचे माग बंद पडतात, कारागीर गावी जातात, आणि भाड्याच्या गाड्यांना उसंत नसते. चौथ्या दिवशी एका कुटुंबाला सापुताऱ्यावरून वणीला सप्तशृंगीच्या गडावर न्यायचे होते. आगाऊ रक्कम घेतलेली होती. सापुताऱ्याचा घाट, गाडीत सातजण, तापमानाचा काटा मेलेला आणि चालवणारा कानाने अधू! मामी म्हणाली, "मीटर सुरू झाल्याबिगर गाडी दारातून हलायची नाही." मामांनी मान हलवली. त्यांना पटलेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी एका गॅरेजात नेली. तिथल्या मेकॅनिकने किल्ली फिरवली, डॅशबोर्डवर दोनदा थाप मारली, एका वायरीला तपासणीचे यंत्र लावले आणि निकाल दिला, "मीटर गयुं छे. आखुं बदलवुं पडशे." नवे मीटर अठरा हजार. जुन्या बाजारातले हवे असेल तर सहा हजारांत मिळेल. मी विचारले, जुन्यात किलोमीटरचा आकडा कोणाचा असेल? तो हसून म्हणाला, "बेन, जे गाडीनुं मीटर, ते गाडीनो आंकडो."

मामांच्या खिशात एक वही असते. गाडी घेतल्यापासूनचे प्रत्येक भाडे, गॅस आणि किलोमीटर तिच्यात लिहिलेले आहेत. शेवटची नोंद एक लाख त्रेचाळीस हजारांवर होती. ते वही खिशात ठेवीत म्हणाले, "दुसऱ्याचे किलोमीटर आपल्या नावावर कशाला?" आणि गाडी परत घरी आणली.

घरी आल्यावर ते मला म्हणाले, "काय गे, तू हिशेबाची पोर. माग थांबला की नवा कारीगर मागाला शिव्या देतो. मागात एक लहानसा काटा असतो. आडवा धागा तुटला की त्याला कळतं आणि तो माग बंद पाडतो. काट्याचा दोष नसतो. धागा कुठं तुटला ते बघायचं. या मीटरचा धागा कुठं तुटलाय बघ बरं." हे म्हणताना ते मुलाकडे बघत नव्हते.

मला गाडीतले काही कळत नव्हते, पण न जुळणारी तेरीज माहीत होती. नावे आणि जमा या दोन बाजू जुळल्या नाहीत की फरक उचंत खात्यात टाकून पुढे जाण्याचा मोह होतो. अख्खे मीटर बदलणे हा मला तसलाच प्रकार वाटला. म्हणून मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिले 'काय चालते', उजवीकडे 'काय चालत नाही'. मामेभाऊ किल्ली फिरवीत गेला, मी लिहीत गेले.

हेडलाइट चालतात. हॉर्न, वायपर, पंखा चालतो. इंजिन चालते. उजवीकडे मीटर. मग मोबाइल चार्ज करायचे भोक पाहिले, तर तेही बंद! कधीपासून? आठवडा झाला असेल, मामेभाऊ म्हणाला. कोणी लक्ष दिले नव्हते. आणि स्टिरिओ? तो गप्प बसला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, तो पण नीट चालत नाही. मध्येच बंद होतो. स्वस्तातला निघाला असं वाटलं. पप्पांना सांगितलं नाही."

तेरीज न जुळण्याचे कारण पुष्कळदा हेच असते. चुकीची नोंद सापडते, न केलेली नोंद सापडत नाही. आता उजव्या बाजूला तीन नावे झाली: मीटर, चार्जिंगचे भोक, स्टिरिओ. तिघे एकदम स्वतःहून कसे मरतील? तिघांचे काहीतरी सामाईक असले पाहिजे.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली. हेडलाइट लावले की मीटरमध्ये अगदी मंद उजेड येई आणि काटे झोपेत दचकावे तसे थरथरत. ती मी समासात लिहून ठेवली. अर्थ कळला नव्हता.

इथे थोडे मीटरविषयी. वेगमापकाचे पेटंट स्ट्रासबुर्गच्या ऑटो शुल्झने १९०२ साली घेतले. त्यानंतर कित्येक दशके चाकाच्या फिरण्याशी एका लवचीक केबलने जोडलेला काटा हीच पद्धत होती. अॅम्बॅसडरसारख्या जुन्या गाड्यांत वीज गेली तरी वेगाचा काटा चाले, कारण तो विजेचा मिंधा नव्हता. हल्लीच्या मीटरमध्ये प्रत्येक काट्याखाली एक इवलीशी मोटर असते. इंजिनाचा संगणक वेग, फेऱ्या, तापमान यांचे आकडे दोन वायरींच्या एका जोडीवरून पाठवतो. ही 'कॅन' नावाची पद्धत बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडली. म्हणून आता मेले तर सगळे काटे एकदम मरतात. पण त्यातही भेद करता येतो. मीटरचे दिवे लागले, आकडा दिसला आणि काटेच हलले नाहीत, तर संशय निरोप आणणाऱ्या वायरींवर. दिवा, आकडा, काटे सगळेच गेले, तर आधी वीज पोहोचते की नाही ते पाहायचे. आमचे प्रकरण दुसऱ्या जातीचे होते.

फ्यूजपासून सुरुवात केली. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो. त्यावरून मीटरचा फ्यूज काढला. तार शाबूत होती. चार्जिंगच्या भोकाचा फ्यूज निराळा, तोही शाबूत. मग तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटरीचे ऋण टोक सोडून स्टिअरिंगमागचे आवरण काढले, चार स्क्रू काढून मीटर पुढे ओढले आणि मागचा जोड सोडवला. पिवळ्या रंगाच्या जोडांना हात लावायचा नाही, हे मामेभावाला ठाऊक होते. ते एअरबॅगचे असतात. बॅटरी पुन्हा जोडली. मामांच्या पेटीत मल्टिमीटर होता. दहावीच्या शास्त्रात 'विभवांतर' आणि 'रोध' हे शब्द घोकले होते, ते असे उपयोगी पडतील असे वाटले नव्हते. कायम वीज येणाऱ्या वायरीत आणि काळ्या वायरीत बारा व्होल्टच्या वर विभवांतर. किल्ली फिरवल्यावर वीज येणाऱ्या वायरीतही तेवढेच. म्हणजे वीज येते, परतीची काळी वायरही ठीक. मग दोष कोणाचा? मीटरचाच.

मी बाहेर येऊन मोठ्याने म्हणाले, "मामा, मीटरच गेलंय." गॅरेजवाला काही चुकला नव्हता, मी त्याच्याच वाटेने त्याच मुक्कामी पोहोचले होते. मामांनी ऐकले आणि घरात जाऊन डब्यातले पैसे मोजायला बसले. मामेभाऊ गाडीपाशी तसाच उभा राहिला. अठरा हजार आपल्यामुळे गेले, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिले होते.

त्याच वेळी वायरमनकाका आले. हे मामांबरोबर मागाच्या शेडमध्ये होते, आता घरी असतात. मी त्यांना आकडे दाखवले. त्यांनी माझे मल्टिमीटर बाजूला ठेवले, घरी जाऊन इंडिकेटरचा एकवीस वॅटचा जुना बल्ब आणला आणि त्याला दोन वायरी जोडल्या. एक टोक वीज येणाऱ्या वायरीला, दुसरे काळ्या वायरीला. बल्ब उदबत्तीच्या टोकाएवढा लाल झाला, बस्स. मग दुसरे टोक काळ्या वायरीवरून काढून दाराच्या चौकटीतल्या एका उघड्या बोल्टला लावले. बल्ब भक्कन पेटला.

काका म्हणाले, "गाडीले अर्थच नही."

मी बघतच राहिले. मग त्यांनी समजावून सांगितले. मोटारीत प्रत्येक दिव्याला जायची आणि यायची अशी दोन टोकांची वायर बॅटरीपर्यंत नेत नाहीत. बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या पत्र्यालाच बांधलेले असते. वीज जाते वायरीतून आणि परत येते पत्र्यातून. ठिकठिकाणी काळ्या वायरी एकत्र करून बोल्टाखाली पत्र्याला आवळतात. या जोडाला गॅरेजातले लोक 'अर्थ' म्हणतात. मूळचा इंग्रजीतला पृथ्वीवाचक शब्द. आपल्याकडे येऊन त्याचा 'अर्थ' झाला. तो जोड गंजला की वीज पुढे जाऊनही काम करीत नाही, कारण तिला परत येता येत नाही.

मग मल्टिमीटर खोटे बोलले काय? खोटे नव्हे, पण त्याने काही मागितलेच नव्हते. त्याच्या पोटात साधारण एक कोटी ओहमचा रोध असतो. तो इतका कमी प्रवाह घेतो की गंजलेल्या जोडातूनही तेवढा सहज येतो आणि आकडा पूर्ण दिसतो. जोडात पन्नास ओहमचा अडथळा असला तरी त्याला पत्ता लागायचा नाही. बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर मागतो. मागितल्याबरोबर जोडाची खरी ऐपत उघडी पडते. मीटर आणि स्टिरिओही बल्बासारखेच मागणारे. आणि हेडलाइट लावल्यावर काटे का दचकत होते? काका म्हणाले, परतीची वाट बंद झाली की वीज शेजाऱ्याच्या घरातून वाट काढायला बघते.

माझी समासातली नोंद अशी जुळली.

त्यांनी बल्बाशिवायही तीच गोष्ट मल्टिमीटरने सिद्ध करून दाखवली. मीटर पुन्हा जोडले, किल्ली फिरवली, म्हणजे मीटर वीज मागू लागले. मग एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे मीटरच्या काळ्या वायरीला लावले. दोन्ही एकच जागा असायला हवी. विभवांतर शून्याच्या जवळ, फार तर एक-दोन दशांश व्होल्ट. आकडा आला नऊच्या वर! बारांपैकी नऊ व्होल्ट त्या एका जोडात बुडत होते. यंत्र तेच, आकडा खरा. फक्त कधी विचारायचे ते मला माहीत नव्हते.

काळ्या वायरीचा माग काढीत आम्ही डाव्या बाजूच्या पायाशी पोहोचलो. आतले प्लॅस्टिकचे आवरण काढले, गालिचा उचलला. खाली ओल होती आणि वाळलेला चिखल. जुलैत एका रात्री गाडी लिंबायतकडे उभी होती. पावसाळ्यात मिठी खाडीचे पाणी त्या बाजूच्या वस्त्यांत शिरते. त्या रात्रीही शिरले होते आणि दाराच्या उंबऱ्यावरून आत आले होते. आवरणामागे एक बोल्ट होता, त्याखाली वायरींची कडी, आणि तिच्यावर हिरवट पांढरी बुरशीसारखी पुटे चढलेली. त्याच बोल्टावर एक नवी कोरी वायर होती. स्टिरिओची. काकांनी नटाला नुसते बोट लावले. नट फिरला.

कोणी काही बोलले नाही. काकांनीच शेवटी म्हटले, "पाण्यानं गंज आणला. नट ढिला राहिला म्हणून तो आत शिरला. दोघांचा वाटा."

मामेभाऊ वडिलांकडे वळला आणि म्हणाला, "पप्पा, नट मीच आवळला नव्हता."

मामांना ऐकू आले नाही. त्यांनी कानामागे हात धरला आणि "काय?" म्हणून विचारले.

वाचकहो, चूक कबूल करणे अवघडच. पण आपण ती बहुधा हळू आवाजात करतो, आणि तेवढी सवलत आपल्याला मिळते. त्या मुलाला ती नव्हती. सोसायटीच्या आवारात चार शेजारी जमलेले, वरच्या गॅलरीत बायका. त्याने एक श्वास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून सांगितले, "नट मी ढिला ठेवला होता! माझ्यामुळं झालं!"

मामांनी त्याच्याकडे थोडा वेळ पाहिले. मग पेटीतला दहाचा पाना काढून त्याच्या हातात दिला. "मग आता तूच आवळ," ते म्हणाले. "माग असो नाहीतर गाडी, नट आवळल्यावर एकदा हात लावून बघायचा. मी पण तुला शिकवायला पाहिजे होतं."

बॅटरी सोडून मामेभावाने कडी काढली, पॉलिश कागदाने घासली, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडला, सगळ्या वायरी बसवून नट आवळला आणि वर व्हॅसलीनचा लेप दिला, हवा-पाणी लागू नये म्हणून. स्टिरिओची वायर काकांच्या सांगण्यावरून वेगळ्या बोल्टावर नेली. खर्च पॉलिश कागदाचे दहा रुपये; व्हॅसलीन मामीचे. किल्ली फिरवली. सगळे दिवे एकदम लागले, काटे उठून उभे राहिले, आणि एक लाख त्रेचाळीस हजारांचा मामांचा आपला आकडा परत आला. काळ्या वायरीवरचे विभवांतर पुन्हा मोजले. शून्य दशांश शून्य चार. ते मी वहीत लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या.

काकांनी जाताना एक ताकीद दिली, ती इथे देते, कोणाच्या उपयोगी पडेल. मीटर बंद असताना 'इंजिन तर चालतेय' म्हणून गाडी दामटू नये. काही जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जागे करणारा पहिला प्रवाह मीटरमधल्या बॅटरीच्या लाल दिव्यातूनच जातो. दिवा मेला की चार्जिंग थांबते, आणि बॅटरी वाटेत कुठेतरी दगा देते. तेल संपल्याचा इशारा देणारा दिवाही तिथेच असतो. सांगणारा गप्प झाला म्हणजे संकट टळले असे होत नाही.

चौथ्या दिवशी पहाटे गाडी गडावर गेली. सापुताऱ्याच्या घाटात मामांनी दोनदा विसावा घेतला, असे रात्री मामेभावाने सांगितले. त्या फेरीत स्टिरिओ चालू होता. सवारीने गाणी लावायला सांगितली तेव्हा त्याने वडिलांकडे पाहिले आणि मामांनी खुणेने 'लाव' म्हटले.

परत आल्यापासून मी या गोष्टीचा विचार करते आहे. आम्हाला पहिल्या वर्षी शिकवले होते की प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, एक नावे आणि एक जमा. लुका पाचोलीने १४९४ साली व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात ही पद्धत मांडली, हेही पाठ केले होते. पण ती हिशेबाची एक रीत आहे असे मी समजत होते. विजेलाही ती लागू आहे हे उधन्याला कळले. नुसते जाणे म्हणजे व्यवहार नव्हे; परत यायला वाट असेल तरच तो पुरा होतो. त्या घरात बापाची काळजी मुलाकडे जात होती, मुलाचा जीव बापात होता. दोन्हीकडे बारा व्होल्ट होते. परतीचा नट तेवढा ढिला होता.

आणि आपण एकमेकांना विचारतो ते बहुतेक वेळा त्या मल्टिमीटरसारखे असते. "कसं काय?" "बरं आहे." आकडा पूर्ण दिसतो, कारण काही मागितलेलेच नसते. मी मामांना दर दिवाळीला "बरे आहात ना?" विचारीत आले आणि दर वेळी ते "बरा आहे" म्हणाले. गाडी ते डोळ्यांनी चालवतात हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते. ते कळायला मीटर मरावे लागले.

निघायच्या दिवशी मामा स्टेशनवर आले. वडगावची सवय म्हणून माझ्याशी ते अधूनमधून कन्नडमध्ये बोलतात. उधन्यात त्यांना ती भाषा बोलायला दुसरे कोणी नाही. गाडी हलता हलता त्यांनी खिडकीपाशी येऊन विचारले, "अर्थ आतेनु?" कन्नड विभागाच्या वाचकांना सांगायला नको; 'कळलं का?' असे ते विचारीत होते. गॅरेजातला अर्थ, मराठीतला अर्थ आणि कन्नडमधला अर्थ एका जागी आवळून ते हसत होते.

मी "आतु, मामा" म्हणाले. त्यांनी कानामागे हात धरला.

मग मी सगळा डबा वळून बघेल एवढ्या मोठ्याने ओरडले, "आतु, मामा, आतु!"